हॉटेलात बसून खाणारी गंगाक्का

गंगाक्का, तू भावाकडे केमला गेलीस ती आठ दिवसांत परत येते म्हणून. भावाच्या सुनेचं पहिलंच बाळंतपण. "पोरगी लई भित्री हाय, मी जवळ असले की धीर धरंल," असं सांगून तू स्टेशनवर गेलीस. पोरीनं धीर धरला, बाळ सुखरूप झालं. मग तुला ताप भरला आणि सातव्या दिवशी तू गेलीस. मला हे कळलं तेव्हा तुला जाऊन नऊ दिवस झाले होते. तुझी ट्रंक न्यायला तुझा भाऊ सोलापुरात आला आणि विचारत विचारत शुक्रवार पेठेत माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"आक्का गेली," तो म्हणाला. "मास्तरीणबाईस्नी सांगा, म्हनली हुती."

"आणखी काय म्हणाली?"

"काय न्हाय. येवढंच."

तो पाणी प्यायला, फेटा सारखा केला आणि निघून गेला.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. वर्गात फळ्यावर बेरीज मांडते आणि हातचा घ्यायच्या आधीच खिडकीशी जाऊन उभी राहते. मुली एकमेकींकडे बघतात. भाताचं आधण ठेवते आणि ते आटून भांडं कडकडायला लागलं की आठवतं. तेरवा तीनदा वहाणा घातल्या, तीनदा काढल्या. कुठे जायचं हेच ठरत नव्हतं. हे लिहितानाही दर चार ओळींनी उठते आहे. तेव्हा मागचं पुढे झालं तर समजून घे.

तू किती बायका बाळंतपणातून सोडवल्यास, विणकरांच्या गल्लीत किती मुलींना तुझं नाव ठेवलं आहे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. ते सांगोत. मला तुझ्याशी जे बोलायचं आहे ते सहा वर्षं राहिलं आहे, आणि ते एका हॉटेलातलं आहे.

तुझी माझी गाठ पडली ती यमूच्या बाळंतपणात. माझी धाकटी बहीण अडली होती. दवाखान्यातली सुईण म्हणून तुला बोलावून आणलं आणि तू दोन दिवस तिच्या उशापायथ्याशी होतीस. बाळ रडलं तेव्हा दुपार झाली होती. आईनं मागच्या पडवीत तुझं पान मांडलं, पाट न ठेवता. वरून, हात उंच धरून, भाजी वाढायला लागली. तू हात धुऊन आलीस, पानाकडे पाहिलंस, आणि अगदी शांतपणे म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या काकू. मी हाटेलात जाते."

आईच्या हातातली पळी थांबली. "हॉटेलात? बाईमाणूस?"

"पोट बाईमानसालाबी असतंय की."

मी तुला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले ते खरं तर विचारायलाच. खरंच हॉटेलात जाता? आत बसता? तू हसलीस. म्हणालीस, सकाळी गिरणीच्या चाळीत, दुपारी विणकरांच्या घरी, संध्याकाळी पार दुसऱ्या टोकाला. मधे भूक लागली तर काय करायचं? पुरुषाला पावलापावलाला हॉटेल. बाईनं पुडा घ्यायचा आणि कुठल्या तरी भिंतीकडे तोंड करून उभ्यानं गिळायचं. "आमच्या शेळ्याबी खायच्या तवा निवांत खायच्या गं. मी मातूर चोरावानी खायाची. मग म्हनलं, बास."

नव्या पेठेतल्या रामण्णाचं हॉटेल तू असंच 'बास' म्हणून गाठलं होतंस. तो प्रसंग तू मला इतक्या वेळा सांगितलास की मी तिथे होते असं वाटतं. तू सरळ आत गेलीस आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसलीस. सगळे पेले, सगळ्या बश्या एकदम गप्प झाल्या. रामण्णा गल्ल्यावरून उठून आला.

"अक्का, पुडी बांधून देतो की."

"पुडी घिऊन कुटं बसू? रस्त्यात?"

"तसं नव्हे अक्का. लोक काय म्हणतील?"

"तुज्या बायकूला कळा लागल्या तवा तू अनवानी पळत आलतास. तवा लोक काय म्हनले?"

रामण्णाचं थोरलं पोर तुझ्याच हातचं. तो खाली बघत आत गेला आणि स्वतः चहा घेऊन आला. शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थानं खुर्ची उचलून पाठ फिरवली. तू म्हणालीस, बरं झालं, त्येचं त्वांड बघत खावं लागलं न्हाई.

मला तू पहिल्यांदा नेलंस... नाही. हे वाक्य असं लिहायचं नाही. मी पहिल्यांदा आले तो शनिवार होता. शनिवारी शाळा सकाळची. मी अठ्ठावीस वर्षांची होते. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, पुण्याला जाऊन शिकले, इथल्या मुलींच्या शाळेत लागले. आई आणि तेव्हा माहेरीच असलेली यमू माझ्यावरच होत्या. शाळा ते घर, घर ते शाळा, सणावारी देऊळ. या गावात इतकी वर्षं राहून मी शहर पाहिलंच नव्हतं. शहर म्हणजे माझ्यासाठी मान खाली घालून ओलांडायचा रस्ता.

रामण्णाकडे मान वर करावी लागली, कारण समोर बघण्यासारखं इतकं होतं. संगमरवरी टेबलं, भिंतीवर देवांच्या तसबिरी आणि त्यांच्याच रांगेत 'येथे राजकारणाची चर्चा करू नये' अशी पाटी. त्या पाटीखाली चार वकिली कारकून बसून तीच चर्चा करत होते. एक म्हातारा बशीत चहा ओतून त्यावर इतका वेळ फुंकर घालायचा की मला वाटे, याला चहा नको आहे, फुंकरच घालायची आहे. एकजण उसळीची बशी संपेपर्यंत वर्तमानपत्र वाचायचा आणि बशी संपली की पत्र दुसऱ्याला देऊन टाकायचा, बातमी अर्धी राहिली तरी. गिरणीचा भोंगा झाला की अर्धं हॉटेल एकदम उठायचं. खुर्च्यांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आणि भजी. तू मला न विचारता कांदा भजी मागवलीस. बशी आली, तिचा वास आला आणि मी हात मागे घेतला. नऊ वर्षांत कांदा तोंडात घातला नव्हता. तुला ते ठाऊक होतं. तू एक भजं मोडलंस, अर्धं स्वतः खाल्लंस आणि अर्धं बशीत ठेवलंस. मी ते उचललं. गरम होतं, टाळू पोळली, डोळ्यांत पाणी आलं. ते पोळल्यामुळे आलं असं मी म्हणाले. तू म्हणालीस, "व्हय की. गरमच हाय." आणि रामण्णाला आणखी एक बशी सांगितलीस.

घरी जाताना मी दोन लवंगा चावत गेले. आईला वास आला नाही. किंवा आला असेल.

मग दर शनिवार. त्या सात-आठ महिन्यांत मला शहर कळलं. तू रस्त्यावरून चालताना दारादारातून हाका यायच्या, कुठे तेलुगूत, कुठे कानडीत, कुठे मुसलमान मोहल्ल्यातून "गंगाबाई, जरा ठैरो," म्हणून. तू तिन्ही भाषा मोडक्यातोडक्या बोलायचीस आणि तिन्हीत शिव्या मात्र अस्सल द्यायचीस. मी तुझ्यामागे चालायचे आणि मनात म्हणायचे, हे सगळं इथेच होतं? माझ्या शाळेच्या मागच्याच गल्लीत?

आपलं भांडण झालं ते पडद्यावरून. रामण्णाला वाटलं, दोन बायका येतात तर सोय करावी. त्यानं आपल्या कोपऱ्याला दोरी बांधून मोराच्या नक्षीची सोलापुरी चादर टांगली. मला बरं वाटलं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. आता पाठीत कुणाची नजर रुतणार नव्हती. तू मात्र चादर सरकवून बाहेरच्या टेबलाला जाऊन बसलीस.

"शेळ्यास्नी वाडगं करत्यात तसं केलंय ह्यानं. मी न्हाई आत बसायची."

"अगं, पडदा असला तर दहा बायका येतील. नसला तर आपण दोघीच."

"दहा येतील, पर दिसतील कुनाला? दिसल्याच न्हाईत तर आल्या काय अन् न आल्या काय."

"सुरुवात तर होईल, गंगाक्का."

तेव्हा तू दाराकडे बोट दाखवलंस. "त्यो भाईरचा कोनाडा बग. त्यात कप उपडं घातल्यात. ते कुनाचं हायेत, ठावं हाय का? त्यास्नीबी च्या मिळतुयाच की. आत बसाय मिळत न्हाय. ह्येबी तसलंच."

त्या दारातून मी तोवर वीसेक वेळा आत आले होते आणि अस्पृश्यांसाठी वेगळे ठेवलेले ते कप मला दिसले नव्हते. मी चिडले. माझं न पाहणं तू उघडं पाडलंस म्हणून चिडले. "मग सांग की रामण्णाला," असं फटकन म्हणाले.

"सांगितलंय. आईकत न्हाय. पुन्यांदा सांगीन."

पडद्याचं मात्र मला अजूनही पुरतं पटलेलं नाही बरं का. पुढच्याच महिन्यात एक विणकर आपल्या बायकोला घेऊन आला होता. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती बिचारी, पदर दातांत धरून. ती पडद्याआडच बसली. पडदा नसता तर आली असती का? तू म्हणशील, आली असती, दोन वर्षांनी आली असती पण ताठ आली असती. हा वाद आपण कधीतरी नीट घालायचा होता. तू म्हणायचीस, "बघू की." आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते आहे, आणि माझ्या बाजूनं बोलताना माझा आवाज पडतो.

आता तो शनिवार. त्यासाठी मी इतकं फिरून आले.

त्या दिवशी तुझ्या हट्टाखातर मी बाहेरच्या टेबलाला बसले होते. समोर दोन बश्या, दोन कप. माझी पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. दारात छत्री मिटत उभे असलेले मला दिसले ते आमच्या शाळेच्या कमिटीचे चिटणीस. तुला ते आठवत असतील, सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. ते छत्रीचा पट्टा लावत होते, त्यांनी अजून आत पाहिलं नव्हतं. मी उठले, चादरीच्या आडून भटारखान्यात शिरले, दोन चुलींच्या मधून मागच्या दारानं बाहेर पडले आणि गल्लीबोळांतून घरी आले. तुला सोडून. तुझ्यासमोर माझी अर्धी खाल्लेली बशी ठेवून.

सोमवारी वकीलसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. "शनिवारी आपण नव्या पेठेतल्या एका हॉटेलात होतात, असं कानावर आलं आहे. त्या दवाखान्यातल्या बाईबरोबर. यात तथ्य आहे का?"

मला वाटलं, यांनी पाहिलं. पाहिल्यावर नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं तर संध्याकाळी आईला काय सांगायचं? त्यांनी समोर कागद ठेवला. म्हणाले, खुलासा लिहून दिलात तर तुमच्यापुरतं प्रकरण मिटेल. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, ते त्या दिवशीही चांगलंच आलं. सदर बाईने रोग्याला भेटण्याच्या निमित्ताने मला भुलवून तेथे नेले. ते हॉटेल आहे हे मला ठाऊक नव्हते. मी तेथे काहीही खाल्ले नाही. पुन्हा तिच्याशी संबंध ठेवणार नाही.

पंधरा दिवसांत दवाखान्यानं तुला बार्शीच्या शाखेत धाडलं. चांगल्या घरच्या बायकांना नादी लावते, असं कारण गावात फिरत होतं. तू जाताना भेटायला आली नाहीस. मी खिडकीशी उभी होते आणि तू येऊ नयेस अशी प्रार्थना करत होते.

दीड वर्षानं तू परत आलीस. शाळेच्या फाटकाशीच उभी होतीस, तेच हिरव्या चौकडीचं लुगडं, तोच कुंकवासारखा मोठा गोंदणाचा ठिपका.

"सुशे, चल. रामण्णा वाट बगतोय."

"आज डोकं दुखतंय गं."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं. तर मग तुज्याकडंच च्या कर."

इतकंच. बार्शीबद्दल तू सांगितलंस ते तिथल्या भुसार बाजाराचं, धान्याच्या राशींवर बसून भाकरी खाणाऱ्या हमालांचं, उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टंचाईचं. का जावं लागलं, यावर एक अक्षर नाही. मी म्हटलं, हिला कागदाचं ठाऊक नसावं. तसं समजणं मला सोयीचं होतं, म्हणून मी ते घट्ट धरून ठेवलं. आई होती तोवर तू पडवीत बसून चहा प्यायचीस. आई गेली, तेरावा झाला, आणि मग मी तुला आत घेतलं. चुलीपाशी पाट मांडला. तू पाटावर बसलीस आणि म्हणालीस, "लई उशीर केलास गं." मी दचकले. तू कशाबद्दल म्हणालीस हे मी विचारलं नाही. चहाबद्दल असेल, असं म्हटलं.

त्यानंतरचे सगळे शनिवार माझ्या स्वयंपाकघरात. तू आधी एकटीच रामण्णाकडे जायचीस आणि मग येऊन मला तिथलं सांगायचीस. ग्रामोफोन आणला, त्याचा कर्णा पितळेचा आहे. विजेचा दिवा आला, त्यात भजी पिवळीजर्द दिसतात. पडदा काढला. बाहेरच्या कोनाड्यातले कप मात्र अजून तिथेच आहेत, तू अजून सांगतेच आहेस. मी चुलीपाशी बसून तुझ्या तोंडून हॉटेलात जेवत होते. दर वेळी उठताना तू विचारायचीस, "येतीस का फुडच्या शनवारी?" आणि दर वेळी मला काही ना काही काम असायचं.

परवा मला वाटलं, रामण्णाला कुणी सांगितलं असेल? त्याला कोण सांगणार? तुझा भाऊ त्याला ओळखत नाही. मी वहाणा घातल्या आणि यावेळी काढल्या नाहीत. सहा वर्षांनी त्या दारातून आत गेले. दोन टेबलांवर बायका होत्या, गंगाक्का. एकटी मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते, बाकी कुणी बघत नव्हतं.

रामण्णाचे केस पार पिकलेत. मी सांगितलं. तो गल्ल्यावरून उठला, टेबलाशी येऊन बसला आणि बराच वेळ पालथ्या हातानं टेबल पुसत राहिला. स्वच्छच होतं ते.

मग म्हणाला, "बाई, तुम्ही त्या दिवशी मागच्या दारानं गेलात बघा."

मी मान हलवली.

"ते वकीलसाहेब आले, अक्कासमोर उभे राहिले. दोन बश्या बघितल्या. विचारले, कोण होतं बरोबर? अक्का म्हणाली, कुणी नाही, दोन्ही माझ्याच. साहेब म्हणाले, दोन कपसुद्धा? अक्का म्हणाली, दोन दिवस उपाशी आहे, भूक लागली. आणि साहेब तिथंच उभे, तर अक्कानं त्यांच्यासमोर तुमची बशी ओढून सगळी खाल्ली. तुमचा उष्टा चहा पण प्यायली. साहेब बघत राहिले आणि गेले. त्यांना काही सापडलं नव्हतं बाई. आम्ही मागाहून पोट धरून हसलो."

मी तिथून कशी उठले ते मला सांगता येणार नाही. त्यांना काही सापडलं नव्हतं. कुणीतरी पुसटसं काही सांगितलं होतं, तेवढ्यावर त्यांनी खडा टाकून पाहिला होता. तू सगळं झाकलं होतंस. उघडं केलं ते मी, सुवाच्य अक्षरात.

मी थेट वकीलसाहेबांच्या घरी गेले. आता ते चिटणीस नाहीत, डोळ्यांना कमी दिसतं, झोपाळ्यावर बसलेले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं की तो खुलासा खोटा होता. तो रद्द करून घ्या. मी माझ्या मनानं गेले होते.

ते झोपाळा थांबवून म्हणाले, "बाई, तो कागद कुठे असेल देव जाणे. इतक्या वर्षांनी हे कशाला?"

"गंगाबाई वारल्या."

"तो कागद मी त्यांच्या हातात दिला होता," ते म्हणाले. "त्यांचंही म्हणणं घ्यायला हवं ना. त्यांनी दोनदा वाचला. मी विचारलं, हे खरं आहे का? म्हणाल्या, बाईंनी लिवलंय ते समदं खरं हाय, मीच भुलवून नेलं. तिच्या नोकरीवर दोन मानसं जगत्यात, तिला काय करू नका."

"आणि तुम्हाला ते खरं वाटलं?"

"नाही," ते म्हणाले. "पण प्रकरण मिटत होतं."

गंगाक्का, तुला ठाऊक होतं. माझं अक्षर तुला ठाऊक होतं, तुझ्या केमच्या पत्रांचे पत्ते मीच लिहून द्यायचे. तू तो कागद दोनदा वाचलास, बार्शीला गेलीस, परत आलीस आणि फाटकाशी उभी राहून म्हणालीस, चल. चार वर्षं, आधी पडवीत आणि मग चुलीपाशी बसून, माझ्या हातचा चहा प्यायलीस आणि दर शनिवारी विचारत राहिलीस, येतीस का. मला वाटायचं तू भज्यांबद्दल विचारतेस.

लोक म्हणतील, केवढं मोठं मन. मला तसं म्हणवत नाही. मला तुझा राग येतो आहे. तिन्ही भाषांत शिव्या येत होत्या तुला, त्यातली एक मला का नाही दिलीस? एकदा तो कागद माझ्या तोंडावर फेकायचा होतास. मी रडले असते, पाया पडले असते, कदाचित भांडले असते, पण मोकळी झाले असते. तू मला सांभाळलंस आणि त्या सांभाळण्यात मला कोंडून ठेवून गेलीस. हे लिहिताना मी उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. तू समोर असतीस तर तुला हेच म्हणाले असते, आणि तू म्हणाली असतीस, "म्हन की. आनि काय?"

आज सकाळी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं की हे सगळं मी लिहून काढते आहे आणि पुण्याच्या एका मासिकाकडे पाठवणार आहे, खाली माझं पूर्ण नाव घालून. त्या घाबरल्या. कमिटीत अजून तीच मंडळी आहेत, म्हणाल्या, पुन्हा एकदा विचार करा. यमू आता तिच्या घरी सुखी आहे. आई नाही. माझ्या नोकरीवर आता फक्त मी जगते. मी त्यांना म्हटलं, विचार झाला.

तर ऐक. तू मला भुलवून नेलं नव्हतंस. मी माझ्या पायांनी आले होते, ते हॉटेल आहे हे ठाऊक असून आले होते, आणि मी खाल्लं, मागून मागून खाल्लं. आणि एक गोष्ट मी वर लिहिली नाही, कारण हात वळत नव्हता. त्या शनिवारी मी खुर्ची सरकवून उठले तेव्हा तू दाराकडे पाहिलंस, कोण आलं आहे ते तुला कळलं, आणि तू हलक्या आवाजात म्हणालीस, "सुशे, बस. मी हाय की."

ते मला ऐकू आलं होतं, गंगाक्का. ऐकू आलं होतं आणि मी गेले.